मालक जिता हाये का?

नवं घ्यावं की जुनं दुरुस्त केलेलं, हा प्रश्न घेऊन लोक माझ्या दुकानात येतात, तेव्हा बहुतेकांनी उत्तर घरीच ठरवलेलं असतं. मी फक्त मान हलवावी एवढीच अपेक्षा असते. मी हलवत नाही. मग काही जण चिडून शेजारच्या मोबाइलच्या दुकानात जातात. जाऊ देत.

माझं दुकान आलापल्लीत, भामरागडच्या रस्त्याला, बस थांबते त्याच्या अगदी समोर. घरात गाणी ऐकायची साधनं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, होम थिएटर, मी नवी विकते. आणि जुनी विकत घेऊन, उघडून, दुरुस्त करून तीही विकते. वरातीचे डीजे करत नाही. काम चंद्रपूरला मामाच्या दुकानात शिकले. अजूनही नवं गिऱ्हाईक काउंटरवर मला पाहून माझ्या मागे डोकावतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठी गेला?" मी हातातली तापलेली सोल्डर गन वर करून दाखवते.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुनं यंत्र उचललं की एका बाजूला हात खाली ओढला जातो. तिथे ट्रान्सफॉर्मर असतो, लोखंडाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेला तांब्याच्या तारेचा लठ्ठ गोळा. आमच्याकडे वीज कधी मिणमिणते, कधी एकदम उसळते. हा गोळा ते सोसतो. नव्या डब्यात त्याच्या जागी तळहाताएवढी सर्किटची पाटी असते. ती एखाद्या उसळीत जळते, आणि जळली की तिचे सुटे भाग मिळत नाहीत. पण जुन्याच्या पोटात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. मी मुंग्यांची अख्खी वसाहत पाहिली आहे, पालीची अंडी पाहिली आहेत. स्पीकरचा पडदा कागदाचा असतो, तो पावसाळ्यात दमट होतो. त्याच्या कडेचा फोम भुगा होऊन हातात येतो. फोम बदलायचा, फुगलेले कंडेन्सर बदलायचे, आवाजाचं बटण खरखरतं ते साफ करायचं. ज्यांना मोबाइलवरची गाणी लावायची असतात त्यांच्यासाठी आत ब्लूटूथचं छोटं किट बसवायचं. एवढं झाल्यावर तो डबा माझ्या शब्दावर विकला जातो.

आता गिऱ्हाइकं. चामोर्शीकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नात द्यायला होम थिएटर घ्यायला आले. मी जुना, दणकट सेट लावून ऐकवला. त्यांना आवाज आवडला. मग म्हणाले, "बाई, पण याचा खोका?" जुन्याला खोका कुठला? "मंग मांडवात लोकं पाहतीन काय?" त्यांनी नवा घेतला. आवाज ऐकलाही नाही. खोक्याला चारी बाजूंनी नीट चित्र आहे ना, एवढं फिरवून फिरवून पाहिलं. त्यांची निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्यांना खोकाच हवा होता.

मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातले एक म्हातारे बाबू याच्या उलट. ते स्टुलावर बसून डोळे मिटायचे आणि एक गाणं पूर्ण ऐकायचे. मधे कोणी बोललं तर गाणं पहिल्यापासून. नव्या डब्यावर दोन ओळी झाल्या की हात वर करायचे, "बंद करो दीदी, ये तो चिल्लाता है." सगळी दुपार माझं दुकान अडवून जुना डबा घेऊन गेले, आणि नंतर कधी तक्रार घेऊन आले नाहीत.

तिसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक ओळखायला मला वेळ लागला. दुकान टाकलं त्या सुरुवातीच्या काळात भामरागडकडच्या जंगलातल्या गावातून एक माडिया माणूस आला. जुना डबा त्याला पसंत पडला. त्यावर हात ठेवून त्यानं विचारलं, "बाई, याचा मालक जिता हाये का?"

मला वाटलं हा चोरीच्या मालाबद्दल विचारतोय. मी भडकले. "माह्या दुकानात चोरीचा माल नसते!" तो बिचारा घाबरला. त्याच्या सोबत्यानं समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं. त्यांच्या गावात माणूस मेला की त्याच्या वापरातल्या वस्तू, खाट, भांडी, कपडे, कुऱ्हाड, त्याच्या दगडापाशी नेऊन ठेवतात. दगड म्हणजे मेलेल्याच्या नावानं उभी केलेली शिळा. मेलेल्याची वस्तू घरात राहिली तर तो वस्तूसाठी परत परत घरी येतो, त्याला पुढे जाता येत नाही. सगळ्या गावांत असंच आहे का ते मला माहीत नाही, मला या लोकांनी सांगितलं ते मी सांगते. पण विचार करा, असा माणूस जुनी वस्तू विकत घेताना आणखी काय विचारेल?

तेव्हापासून कोणी जुना डबा विकायला आलं की मी विचारते, कुणाचा आहे. मेलेल्याचा असेल तर तो या लोकांना दाखवत नाही. बाकी धंद्यात दुकानदार जेवढं रंगवून सांगतो तेवढं मीही सांगते. या एका प्रश्नाला मात्र मी कधी थाप मारलेली नाही, आणि हे त्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. त्याचा मला अभिमान आहे.

लालसूभाऊ आणि त्याची मुलगी जैनी माझ्याकडे आली ती हेच ऐकून. जैनी गावाजवळच्या उपकेंद्रात नर्स होती. तिथेच राहायची आणि शनिवारी घरी जायची. घरच्यांसाठी तिला गाण्याचा डबा घ्यायचा होता. बापाला नवा हवा होता, तिला जुना. बाजूला एक लाकडी पेटीचा चांगला सेट होता. ती त्याच्यापाशीच उभी राहिली.

"मालक जिता हाये का?" लालसूभाऊनं विचारलं.

"जिता हाये. अहेरीत राह्यते. रिटायर मास्तर. पोरानं मोठा टीव्ही आनला, म्हणून विकला."

"आज जिता हाये. उद्या मेला तं?"

जैनी हसली. "बा, नवा डबा कोणाच्या हातचा हाये, तो जिता हाये का, ते तुले माहीत हाये का?"

लालसूभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "नर्स झाली तवापासून असंच बोलते. सुई टोचल्यासारखी."

"मंग सुई लागू पडली का नाई?" जैनी म्हणाली. लालसूभाऊ हसला आणि विषय संपला.

ब्लूटूथचं किट तिनं स्वतः निवडलं, निळा दिवा लागतो ते. मी तिच्यासमोर बसवलं. बटण दाबल्यावर गाण्याआधी स्पीकरमधून 'हूं' असा आवाज यायला लागला. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्याच ट्रान्सफॉर्मरवरून किटला वीज दिली की अशी गुणगुण येते. किटला वेगळा पुरवठा दिला की जाते. त्या दिवशी माझ्याकडे तो भाग नव्हता. मी सांगितलं, पुढच्या खेपेला डबा घेऊन ये, काढून देते. माझ्या हातचं काम गुणगुणत बाहेर गेलेलं मला चालत नाही.

पुढे ती आलापल्लीला आली की दुकानात डोकवायची. मी विचारायची, डबा कुठे आहे? एकदा म्हणाली, "राहू द्या ताई. माय म्हणते, डबा गाण्याच्या आधी गळा साफ करते."

त्यानंतरच्या पावसाळ्यात जैनी गेली. ताप मेंदूत चढला. नदीचं पाणी पुलावरून वाहत होतं आणि रस्ता बंद होता. पाणी उतरल्यावर बस सुरू झाली, तेव्हा कंडक्टरकडून मला कळलं. याबद्दल एवढंच लिहिते.

धान कापणीला आलं त्या सुमारास लालसूभाऊ बसमधून उतरला. खांद्यावर गोणपाट, त्यात तो डबा. मागे त्याची बायको बुधरी. ती आत आली नाही, पायरीवर बसली. तिला मराठी येत नव्हती.

मी पाणी दिलं. त्यानं डबा काउंटरवर ठेवला आणि हात त्याच्यावरच ठेवून उभा राहिला.

"बाई, तिचं सगळं नेलं. खाट, कपडे, पिशवी. हे राह्यलं. हिनं कोठीत लपवून ठेवलं. सोडून नाई राह्यली. आता दगड उभा कराचा हाये, गाव जेवाले येते. हे घरात ठेवता येत नाई."

"मंग?"

"पेरमाले विचारलं." पेरमा म्हणजे त्यांच्या गावचा देवधर्म पाहणारा म्हातारा. "तो चांगला माणूस हाये, जैनीले त्यानंच नाव देल्लं होतं. तो म्हणते, डबा तं आधी दुसऱ्याचा होता. तो मालक जिता असन, अन् तो म्हणन का डबा माहाच हाये, तं राहू दे तुह्या घरी. पण पोरीचं जे असन ते काढून दगडाजवळ ठेव." मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तं मी तुह्याकडं आलो. याच्यातलं तिचं काय हाये, ते काढून दे. आतलं तुलेच माहीत."

डब्यातलं बिघडलेलं काय आहे ते मला रोज विचारतात. कुणाचं काय आहे हे कधी कोणी विचारलं नव्हतं. आधी अहेरीच्या मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "त्यांना सांगा, डबा माझाच आहे. मी सांभाळायला दिलाय. घरी नेऊ द्या." लालसूभाऊनं ते स्वतः ऐकलं आणि गमछ्यानं तोंड पुसलं.

मग मी डबा उघडला. पेटी, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर मास्तरांचे. फोम आणि कंडेन्सर माझे, जैनी दुकानात यायच्या आधीच घातलेले. तिच्यासाठी म्हणून, तिच्या निवडीनं आत गेलेलं असं एकच होतं. मी बोटानं दाखवलं. "हे किट. एवढंच तिचं."

"एवढंच?" लालसूभाऊ म्हणाला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही.

मी किटचे सोल्डरचे डाग सोडवले आणि ते बाजूला काढून ठेवलं. त्या जागी दुसरं किट बसवलं, आणि या वेळी वेगळ्या पुरवठ्यासकट, गुणगुण अडवणारी जाळीची तार घालून. काम मन लावून केलं. बटण दाबलं तर स्पीकरमधून काहीच नाही, नुसती शांतता, आणि मग एकदम गाणं. इतका स्वच्छ आवाज त्या डब्यातून याआधी कधीच आला नसेल. लालसूभाऊनं दारात जाऊन बायकोला आत बोलावलं. ती आली, ऐकत उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिनं माडियात काहीतरी म्हटलं.

"ती म्हणते, हे ते नाई," लालसूभाऊ म्हणाला.

"तेच हाये. स्पीकर तेच हायेत. उलट आता साफ हाये."

त्यानं तिला सांगितलं. तिनं मान हलवली, ओठ मिटले आणि नाकातून आवाज काढला. हूं.

मी गाणं बंद केलं. लालसूभाऊ सांगायला लागला. जैनी शनिवारी घरी यायची, ती पिशवी खाली टाकून पहिलं डब्याचं बटण दाबायची. बुधरी मागच्या अंगणात चुलीपाशी असायची. तिथे गाणं पोचायच्या आधी ती गुणगुण पोचायची, आणि जैनी आल्याचं तिला कळायचं. डबा कोठीत लपवून ठेवला होता तेव्हाही बुधरी कोणी नसताना तिथे जाऊन बटण दाबून बसायची. गाणं लावायची नाही. "मले वाटे, ही गाणं लावाले भेते," तो म्हणाला. "मले आता समजलं."

मी त्याला विचारलं, "मंग ते जुनं किट परत बसवू? वरून कोणाले दिसत नाई. पेरमाले कोण सांगाले जाते?"

तो माणूस आयुष्यात कधी गावाच्या शब्दाबाहेर वागला नसेल. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, "कर."

मी किट परत जोडलं. बटण दाबलं. हूं.

बुधरीनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

दारात कोणी नव्हतं. रस्ता होता, थांब्यावर उभी माणसं होती, पायरीशी एक बकरी पानं खात होती. ती पाहत राहिली. मी गाणं लावलं नाही, हात तसाच ठेवला. लालसूभाऊही दाराकडे पाहायला लागला होता. आणि खोटं कशाला सांगू, मीही पाहिलं.

मग ती काउंटरजवळ आली आणि तिनं स्वतः बटण बंद केलं. माडियात एक वाक्य बोलली. मी विचारल्यावर लालसूभाऊ म्हणाला, "ती म्हणते, आली असं वाटते. मंग येत नाई."

मी गन पुन्हा गरम केली आणि किट सोडवलं. गार झाल्यावर बुधरीच्या हातावर ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. एवढंसं आहे याचं तिला नवल वाटलं असावं. मास्तरांचा डबा तिनं लालसूभाऊला उचलू दिला नाही. तो मास्तरांकडे परत द्या, असं तिचं म्हणणं होतं.

ते किट मी परत जोडलंच नसतं तर? स्वच्छ आवाजाची तिला हळूहळू सवय झाली असती, डबा घरात राहिला असता, पेरमाचा शब्दही राहिला असता. असं मला कधी वाटतं. कधी वाटतं, जोडलं तेच ठीक झालं, नाहीतर ती गुणगुण पुन्हा न ऐकताच परत गेली असती. दुरुस्तीच्या कामात बिघाड कुठे होता हे नंतर तरी नेमकं सांगता येतं. इथे मला अजून ते जमलेलं नाही.

लालसूभाऊ बराच वेळ फळीवरचे नवे डबे पाहत उभा होता. "बाई, एक नवं दाखव. घर लई चूप झालं."

मी प्लास्टिकचा एक नवा डबा खाली काढला. हलका, एका हातानं उचलता येणारा. अशा डब्यांना मी भर दुकानात नावं ठेवत आले आहे. आवाज पातळ, पोटात काही नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. त्यातलं एकही वाक्य मी बोलले नाही. खोका फोडला, वायर लावली. बटण दाबल्यावर गुणगुण नाही, श्वास नाही, सरळ गाणं सुरू. बुधरीनं ऐकलं. तिनं वाकून जाळीच्या आत पाहिलं आणि नवऱ्याला काही विचारलं.

"ती विचारून राह्यली, याच्यात कोणी नाई ना?"

"कोणी नाई," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. मी डबा पुन्हा खोक्यात भरला आणि वरून सुतळी बांधून दिली. भामरागडची बस आली. लालसूभाऊनं खोका बसमध्ये चढवला. खिडकीतून मला दिसत होतं, बुधरीनं तो मांडीवर घेतला नाही, पायाशी सरकवला. किट तिनं पदराच्या टोकाला बांधलं होतं. बस सुटली तेव्हा ती गाठ तिच्या मुठीत होती आणि मूठ तिनं पोटाशी धरली होती.